आठ इंचाचे दोन स्पीकर

विलासच्या घराला रंग द्यायचं काम निघालं होतं, म्हणून आतलं सगळं सामान ओसरीत येऊन बसलं होतं. विलास माझा पाठचा भाऊ. साखर कारखान्यातून निवृत्त होऊन त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कसबा बावड्यातलं हे घर त्याने नोकरीत असताना बांधलं. मी शिरोळहून चार दिवस राहायला आले होते. सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसले आणि समोर बघते तर पिंपं, पाट आणि गाद्यांच्या वळकट्या यांच्या मधे ती पेटी. काळं रेक्झिन, पुढे जुन्या रेडिओवर असायचं तसलं सोनेरी धाग्याचं कापड आणि वर उचलायला चपलेच्या कातड्याचा पट्टा. विलासच्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. पन्नास वर्षं झाली असतील, तरी तो बघितल्याबरोबर मला जे वाटलं त्याला मी दुसरं नाव देणार नाही. हेवा. सत्तरी ओलांडलेल्या बाईला शोभत नाही, पण वाटला तो वाटला.

"अजून वाजतीया की," विलास म्हणाला. "व्हॉल्व्ह तेवढं दोनदा बदललं. बाकी सगळं चाचांच्या हातचंच हाय."

मला आधी वास आठवला. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले की त्यांच्यावरची धूळ भाजायची. सोल्डरिंगच्या राळेचा धूर त्यात मिसळायचा आणि शेजारी चपला शिवत, तिथून कमावलेल्या कातड्याचा उग्र दरवळ यायचा. या सगळ्यावर दस्तगीरचाचांचं अत्तर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, चौघं बसली की पाचव्याने दारात उभं राहायचं. फळ्यांवर पोट उघडलेले रेडिओ ओळीने मांडलेले असत. गल्लीतल्या गणपतीला आणि उरुसाला, दोन्हीकडे कर्णा चाचांचाच लागायचा. त्या कर्ण्यांपाशी उभं राहून राहून त्यांच्या एका कानात कायमची शिट्टी बसली होती. दुसऱ्या कानावर ते कामापुरता विश्वास ठेवत, आवाज पारखायचा म्हटलं की मात्र ठेवत नसत. पारखायला ते मला बोलवत.

मी मॅट्रिक झाले तेव्हा मला शिलाईचं मशीन आलं. विलास दोन वर्षांनी मॅट्रिक झाला, तोही काठावर, तेव्हा त्याला गिटार आली. पिवळट तपकिरी, सहा तारांची, पोटाशी पिकअप बसवलेली. वडिलांनी ती पलंगावर ठेवली आणि घरातले सगळे तिच्याभोवती नव्या वासराभोवती जमावं तसे जमले. मी मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होते. पाय थांबवला नाही मी. पण त्या दिवशी शिवलेल्या अभ्र्यांची टीप एकही सरळ आली नाही.

गिटारच्या तारा सुरात लावणं विलासला जमायचं नाही. तो पिळत राहायचा, तार एकतर रडायची नाहीतर तुटायची. मग माडीवरून हाक यायची, "आक्का, लाव की गं जरा." मी जायची. तारा लावून झाल्या की दार ओढून घ्यायची आणि जे त्याने आठवडाभर घासलेलं असे ते हळूच वाजवून बघायची. यायचं मला. बोटं दुखायची, पण यायचं. आई कधी रागावली नाही. स्वयंपाकघरातून ती फक्त विचारायची, "झालं का लावून?" तेवढं विचारलं की मी गिटार खाली ठेवायची. ती अजून गरम असायची, माझ्या पोटाच्या उबेने. मग विलास ती उचलायचा आणि मी जिना उतरताना माझ्याच सुरात लावलेल्या तारा त्याच्या हाताखाली वाजायला लागायच्या. मला त्याच्या बोटांचा राग यायचा. अगदी नखांचासुद्धा.

अ‍ॅम्प्लिफायर चाचांनी जुन्या रेडिओच्या सामानातून बांधला. लहानसाच, तीन व्हॉल्व्हचा. "छातीत जोर न्हाय ह्येच्या, पन गळा गोड हाय," ते म्हणत. प्रश्न राहिला स्पीकरचा. एक बारा इंची स्पीकर होता, कुठल्याशा तंबू टॉकीजमधून आलेला, जाड कागदाचा, दमदार. आणि आठ इंचाचे दोन होते, मोठ्या रेडिओंतून काढलेले. बारा इंची एकटा लावायचा की आठचे दोन? दोन लावायचे तर एकामागे एक जोडायचे की शेजारी शेजारी? पेटीची मागची फळी लावायची की उघडी ठेवायची? दर वेळी ट्रान्सफॉर्मरवरची जोडणी बदलायची आणि दर वेळी तीच गिटार वेगळ्याच घरची वाटायची.

सोमवारी बाजार बंद. तीन-चार सोमवार आम्ही दुपारी दुकानाची अर्धी फळी लावून आत बसत होतो. मी भिंतीकडे तोंड करून, कारण स्पीकर बघितला की कान फितूर होतो असं चाचांचं म्हणणं होतं. समोर एका आटा चक्कीचं कॅलेंडर होतं, त्यातल्या तारखा मला पाठ झाल्या होत्या. पाठीमागे विलास एकच तुकडा वाजवायचा. मग बटण बंद. चालू असताना स्पीकर सुटला तर ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून बंद केल्याशिवाय चाचा वायरीला हात लावू देत नसत. वायरी बदलायच्या, पुन्हा बटण आणि मग वाट बघायची. व्हॉल्व्ह आधी अंधुक लाल होणार, मग नारिंगी, मग बारीकशी गुणगुण सुरू होणार. या सगळ्यात इतका वेळ जायचा की आधीचा आवाज कसा होता ते दोघांनाही आठवायचं नाही. मला आठवायचा. तोंडात पाणी धरून बसावं तसा मी तो कानात धरून बसायची, एक थेंब सांडायची नाही.

"ह्या पोरीच्या कानात टेप हाय," चाचा म्हणायचे. तेवढं ऐकायला मी आठवडाभर थांबायची.

त्यांनीच मला सेलची युक्ती शिकवली होती. बॅटरीतला सेल घ्यायचा आणि स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायचा. टक् असा आवाज होतो आणि स्पीकरचा कागद पुढे उचलतो किंवा मागे बसतो. दोन स्पीकर एका पेटीत बसवायचे तर दोघांचे कागद एकदम पुढे आणि एकदम मागे जायला हवेत. एकाच्या वायरी उलट्या लागल्या की एक ढकलतो आणि दुसरा ओढतो, दोघं मिळून एकमेकांचा आवाज खाऊन टाकतात. जो कागद पुढे उचलेल त्या टोकाला मी माझ्या गंधाच्या बाटलीतला टिपका लावायची. चाचांच्या दुकानात माझं गंध असं पुष्कळ स्पीकरांच्या कपाळी लागलं होतं.

त्याच महिन्यात जाधव मास्तरांच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला नोकरीला लागून निघून गेला आणि त्यांनी नव्याची परीक्षा ठेवली. मास्तरांचा ऑर्केस्ट्रा तेव्हा बेळगावपासून सोलापूरपर्यंत जायचा. एक बस, चमकीचे कोट, आणि मागे मोठ्या अक्षरांतलं नाव. जागा एक, मुलं बरीच. विलास झोपेतसुद्धा बोटं हलवायला लागला. आणि त्याच महिन्यात शिरोळहून माझी पसंती आली. उसाचं रान, ट्रॅक्टर, कृष्णेचं पाणी, माणसं चांगली. घरात दोन्ही गोष्टींचा आनंद एकाच ताटात वाढला जात होता. आई म्हणायची, दोघांचंही मार्गी लागणार. मला ते "दोघांचंही" ऐकवत नव्हतं. तो मार्गी लागणार म्हणजे बसमध्ये बसून गावोगाव हिंडणार, मी मार्गी लागणार म्हणजे भांड्यांचा हारा घेऊन शिरोळच्या दारात उतरणार. आणि माझ्यामागे त्याची गिटार कोण लावून देणार, हा विचार एकाच्याही मनात आला नव्हता. विलासच्यासुद्धा नाही.

शेवटचा सोमवार. बारा इंची एकटा ऐकून झाला होता. आठचे दोन, एकामागे एक जोडून, तेही ऐकून झाले होते. तेवढ्यात चाचा दिवस कलतानाच्या, असरच्या नमाजाला उठले आणि मी आल्यावर पुढचं करू असं सांगून गेले. विलासला कुठला धीर. मी भिंतीकडेच तोंड करून होते. पाठीमागे पकडीचा आवाज, टेप फाडल्याचा आवाज. शेजारी शेजारी जोडणी त्याने स्वतःच केली, वायरीला वायर पिळून. सेल काही लावला नाही, कारण टक् असा आवाज मला आला नाही. मग बटण. मग वाट बघणं. मग त्याने पहिला सूर छेडला.

मला कळलं. पहिल्याच सुराला कळलं. वरून स्वच्छ, चरचरीत, आणि खाली काहीच नाही. भात वाढावा आणि ताटच नसावं. एक ढकलत होता, एक ओढत होता. त्या खोक्याएवढ्या दुकानात, कानापासून हातभर अंतरावर तो आवाज वाईट लागत नव्हता, उलट धुतल्यासारखा वाटत होता. विलास म्हणाला, बघ कशी सफाई आली.

चाचा आले. टोपी नीट केली, पाटावर बसले. त्यांनी त्याला पुन्हा एकदा वाजवायला लावलं, नेहमीसारखी मान तिरकी करून ऐकलं आणि मग माझ्या पाठीला विचारलं, "हं बेटी. तीनातला कुठला?"

कॅलेंडरवर त्या दिवशीच्या तारखेला कुणीतरी पेन्सिलीने फुली मारली होती. ती फुली मी बघत राहिले. दुसरा चांगला होता. दुसरा फारच चांगला होता, गोड आणि भरलेला, मला तो आजही वाजवून दाखवता येईल. तिसऱ्यातली वायर तेवढी फिरवली असती तर तोही उजळला असता. माझ्या लग्नाच्या साड्या त्याच संध्याकाळी घरी दाखवायला येणार होत्या.

"तिसरा," मी म्हटलं.

"आक्कानं सांगितलं म्हंजे झालं," विलास म्हणाला. चाचांनी सेल न लावताच मागची फळी बसवली आणि एकेक स्क्रू आवळला. प्रत्येक स्क्रूला लाकूड थोडं करकरत होतं.

परीक्षा एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. आम्ही बायका मागच्या बाकांवर होतो. हॉल उंच होता आणि खिडक्या उघड्या. विलासचा हात त्या दिवशी जितका चालला तितका मी कधी ऐकला नव्हता, आणि त्यातलं अर्धं दुसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नव्हतं. जाधव मास्तर पानाचा तोबरा सांभाळत शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "हात चांगला हाय बाळा तुझा. पन आवाजाला बूडच न्हाय." सांगलीच्या एका मुलाला त्यांनी घेतलं.

घरी येताना विलासने पेटी उचलली होती, दर दहा पावलांवर हात बदलत होता. गिटार माझ्याकडे होती. भर रस्त्याने, उघड्यावर, खांद्याला टेकवून मी ती घेऊन चालले होते आणि लोक वळून बघत होते. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? फार बरं वाटत होतं. घराच्या पायरीपाशी त्याने पेटी खाली ठेवली आणि रुमालाने चेहरा पुसला, तेव्हा मला दिसलं की तो नुसता घाम नव्हता. तिथपासून मग बरं वाटायचं बंद झालं.

हळदीच्या दिवशी चाचा माझ्यासाठी रेडिओ घेऊन आले. स्वतः बांधलेला, लाकडी डब्यातला. टेकले, सरबत घेतलं, आणि आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच म्हणाले, "त्या दिवशी सर्दी झालती का गं तुला?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी विलासला हाक मारली आणि एकदा पेटी दुकानात आण, उघडून बघू, म्हणाले. विलास म्हणाला, "पेटीत काय न्हाय चाचा, आक्कानं ऐकल्याली हाय ती. माझाच हात कच्चा." माझ्या अंगाला हळद लागली होती. त्या हातांनी मी रिकामे पेले गोळा केले.

शिरोळला मी वाईट दिवस काढले असं मुळीच नाही. पाचटाच्या धुराचे हिवाळे, ऊस भरलेल्या गाड्यांची रांग, बैलांच्या घुंगरांचा आवाज. पाणी चढायला लागलं की धान्याची पोती माडीवर न्यायची. नृसिंहवाडीला पौर्णिमेला जायचं आणि घाटावरच्या घंटा कुठल्या सुरातल्या आहेत ते मनातल्या मनात ओळखायचं. ते कुणाला सांगायचं नसे. चाचांचा रेडिओ फळीवर होता. त्यात गिटार वाजली की मी आवाज कमी करायची. चाचा गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं.

माहेरी आले की विलास वाजवताना दिसायचा. कारखान्यातून यायचा, गळीत हंगामात त्याच्या कपड्यांना मळीचा वास असायचा, हातपाय धुवायचा आणि बसायचा. तोच पोकळ, चरचरीत आवाज. दर वेळी मी ठरवायची, आज सांगायचं. आणि दर वेळी वाटायचं, बघा, याला रोज संध्याकाळी नुसतं बसून वाजवता येतं. स्वयंपाकघरातून कुणी विचारत नाही, झालं का म्हणून. मग मी सांगायची नाही. पापसुद्धा हेव्याने सांभाळता येतं, हे मी अनुभवाने सांगते.

तर परवा विलास रंगाऱ्याबरोबर रंगाच्या छटा बघायला गेला आणि ओसरीत मी आणि ती पेटी दोघीच उरलो. रंगाऱ्याच्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर होता. पेटीची पिन कुठेच लावलेली नव्हती, तरी मी दोनदा बघितलं. स्क्रू गंजले होते, एकेक करून निघाले. आत सगळं तसंच. विलासने घाईने पिळलेल्या वायरी, त्यांच्यावर वाळून पापड झालेली टेप. एका स्पीकरवर माझ्या गंधाचा टिपका काळपट पडलेला, आणि वायर नेमकी भलत्याच टोकाला. मी त्या सोडवल्या, फिरवल्या आणि पुन्हा पिळल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फळी बसवून मी हात धुऊन आले.

तो आल्यावर मी म्हटलं, वाजव की जरा. खूश झाला. सूर आता मोबाईल लावून देतो, त्याला माझी तेवढीही गरज राहिलेली नाही. बटण दाबलं, आम्ही वाट बघितली, गुणगुण आली आणि त्याने सूर छेडला. ओसरीतल्या पातेल्यांची झाकणं थरथरली. काय आवाज होता तो. चाचा म्हणायचे तसा गोड गळा, आणि खाली जमिनीसारखं बूड. पन्नास वर्षं पेटीत कोंडून ठेवलेला. माझे डोळे भरून आले आणि मी पदर डोळ्याला लावला.

विलास थांबला. बटणं फिरवली. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबला. "बिघडली काय गं ही?" तो म्हणाला. "लई जड वाटतंय. नुसतं घुमतंय."

वायर ढिली वाटली म्हणून मी आत हात घातल्याचं मी सांगून टाकलं. आणि म्हटलं, "आता बरोबर झालंय विलास. आधीचा चुकीचा हुता."

"चुकीचा कसा?" तो हसला. "तूच निवडलातास की."

आता बोलायचं होतं. एकच वाक्य, कधीपासून तयार असलेलं. 'मला तेव्हाच ठाऊक होतं.' मी तोंड उघडलंही. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो रंगाऱ्याला सांगत होता की आमच्या आक्काचा कान म्हणजे काय, त्या काळी दस्तगीर मिस्त्रीसुद्धा हिला विचारून काम करायचे. रंगारी माझ्याकडे आदराने बघत होता. मग विलासने गिटार मांडीवर आडवी केली आणि आवाज उतरवून, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, "वय झालं की कानातनं बारीक सूर आधी जात्यात म्हनं. मला डॉक्टरच बोलला. तुझं बी तसंच झालं आसंल. मनाला लावून घिऊ नगंस."

मी म्हटलं, "आसंल."

फळी पुन्हा काढली. त्याने मोबाईलची बॅटरी लावून उजेड धरला आणि मी वायर परत होती तिथे नेऊन पिळली. तो टेपही नवी घेऊन आला. बोटं माझीच होती, पण ती कुठे चालली आहेत ते मला बघवत नव्हतं. व्हॉल्व्ह तापले. त्याने तोच तुकडा घेतला, जाधव मास्तरांपुढे वाजवलेला, आणि ओसरीतलं सगळं बूड पुन्हा निघून गेलं.

"हां," तो म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. "आता नीट ऐक आक्का, मी सांगतो काय ऐकायचं त्ये. ह्यो सूर बघ, कसा सुटा येतोय. मघाशी ह्योच बुडत हुता." तो एकेक सूर छेडत होता आणि प्रत्येकापाशी थांबून, मान वर करून, मला ऐकू आला का ते बघत होता. मी प्रत्येकाला मान डोलवत होते. असं समजावून तो आयुष्यात माझ्याशी कधी बोलला नव्हता.

"मग?" शेवटी त्याने विचारलं. "कुठला बरा?"

"ह्योच," मी म्हटलं.

तो समाधानाने हसला आणि डोळे मिटून वाजवायला लागला. मी समोर बसून ऐकत होते, आणि त्या चुकीच्या आवाजात त्याला जे मिळत होतं त्याचा मला हेवा वाटत होता.